हरणीसोबत यावे

नांदेड, ज्येष्ठ वद्य ३, शके १८५७

सप्रेम नमस्कार.

हरीण बरं आहे. ही खबर पहिल्याच ओळीत दिली, म्हणजे पुढचं सावकाश वाचून होईल.

सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याला पत्र लिहिताना 'इकडे', 'इकडून' लिहावं, 'तुम्ही' म्हणू नये. मी करून पाहिलं. 'इकडून गेल्यापासून इकडे इकडच्या हरणानं' असं वाक्य झालं आणि कोण कुठं गेलं ते माझं मलाच समजेना. तेव्हा तुम्ही म्हणजे तुम्हीच.

तुमचं हैदराबादला पोचल्याचं पत्र मामंजींच्या नावानं आलं. त्यांनी ते बैठकीत चष्मा लावून मोठ्यानं वाचलं आणि मी माजघराच्या दाराआडून ऐकलं. खोली, खानावळ, प्रोफेसर, मग बेडूक. छाती उघडली तरी बेडकाचं काळीज धडधडत राहतं, यावर अर्धं पान. प्राण्यांच्या शास्त्राला तिथं उर्दूत इल्म-ए-हैवानात म्हणतात, हे दोनदा. मग हरणाचं पाडस. दूध किती, कापसाची वात कशी धरायची, कुत्र्यांपासून कसं जपायचं. आणि तळाला, 'सौ.स आशीर्वाद. पलंगाखालची विंचवांची बरणी हलवू नये.' एवढं वाचून मामंजी खाकरले आणि त्यांनी चष्मा काढला.

बरणी हलवलेली नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, त्या पलंगाखाली विंचू आहेत हे ठाऊक असून मी झोपते. माझ्या माहेरी औशाला साधी मांजरसुद्धा नव्हती, हे तुम्हाला कधी सांगितलं होतं का? तुम्ही विचारलं नव्हतं.

वैशाखात शेतावरच्या धाटांतून ते पाडस उपरण्यात गुंडाळून आणलंत, तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला होता. 'आईविना लेकरू आहे,' असं म्हणालात आणि ते छातीशी घट्ट धरलंत. माझी पाठवणी झाली तेव्हा तुम्ही गाडीवानाशी बैलांच्या खुरांबद्दल बोलत होता. मग पाडसाचं नाव ठेवायला आठ दिवस लागले. माझं गुरुजींनी पत्रिका बघून दोन मिनिटांत ठेवलं होतं. सौदामिनी. आणि हिचं ठेवलंत बिजली. अर्थ एकच. एका घरात एक वीज पुरत नव्हती का?

शेजारच्या शिवगंगाला तिचा नवरा बिदरला बिऱ्हाडात घेऊन गेला. सहज लिहिलं.

सौ. सौदामिनी

नांदेड, आषाढ वद्य २

नमस्कार.

हरीण जिवंत आहे. मधे नव्हतं राहणार, म्हणून आज तपशिलानं लिहिते.

तुमच्या वातीचं दूध तिनं सोडलं. तोंड फिरवून पडून राहायची. सासूबाई म्हणाल्या, 'रानातलं जनावर हे, त्याला घरचं कसं मानवंल?' मी वरवर होय म्हटलं. खरं सांगू? मला वाटलं, मेलं तर मरू दे, सुटेन. पण दुपारी तिनं माझ्या निऱ्यांत नाक खुपसलं आणि तसंच ठेवलं. मग मी शेतावरून आपल्या सालगड्याला, ग्यानोबाला, बोलावणं धाडलं.

तो बायकोला, विठाबाईला, आणि तिच्या शेळीला घेऊनच आला. म्हणाला, 'वैनीसाब, कापसाच्या दुधावर किती दिस निघतेल? आमच्या शेळीचं करडू मेलं परवा. वरडून वरडून जीव देऊन राहिली. हिला लावून बगू.'

शेळीनं पाडस हुंगलं आणि डोक्यानं असं ढकललं की ते तुळशीपाशी जाऊन पडलं. तेव्हा विठाबाईनं गाठोडं सोडलं. मेलेल्या करडाचं कातडं तिनं मीठ लावून ठेवलं होतं. ते बिजलीच्या पाठीवर पोटाखालून सुतळीनं बांधलं. सासूबाई माजघरातून ओरडल्या, 'अगं बाई, सोवळ्याच्या घरात चामडं आणून राहिलात व्हय!' आणि आत जाऊन पुन्हा अंघोळ केली. मी पाडसाचं डोकं धरून परसात बसून होते. शेळीनं हुंगलं, थांबली, परत हुंगलं. मग चाटायला लागली. पान्हा सुटला तसं दूध जमिनीवर टपकायला लागलं. पाडसाला कळलं आणि ते पिऊ लागलं.

विठाबाई म्हणाली, 'चार दिसांनी कातडं काढायचं. तवर शेळीला हिचाच वास लागतोय. मंग ती हिला सोडत न्हाई.'

मला वाटलं, सुनेचं तरी दुसरं काय असतं. दुसऱ्या कुणाचं तरी कातडं पांघरून उभं राहायचं, आणि घरानं हुंगून आपलं म्हणायची वाट बघायची. चार दिवसांत काढायचं, एवढं तरी शेळीच्या बाबतीत ठरलेलं असतं.

कळावे.

सौ. सौदामिनी

नांदेड, श्रावण शुद्ध ६

नमस्कार.

तुमचं उत्तर आलं. मामंजींनी वाचलं. दीड पान शेळीवर.

पाडस शेळीच्या कुठल्या बाजूनं पितं, शेळी आधी शेपटीपाशी हुंगते की डोक्यापाशी, कातडं काढल्यावर किती वेळ बिचकली. प्रोफेसरांना ही हकीकत सांगितलीत आणि ते खुर्चीतून उठले, असं लिहिलंत. ती हकीकत कुणी लिहून पाठवली, हे त्यांना सांगितलंत का? पत्रात तसं काही नव्हतं. 'घरून कळलं' असं होतं. घराला हात असतात वाटतं.

डावीकडून पितं. आधी शेपटीपाशी हुंगते. एक दिवस बिचकली.

आता दुसरं. पत्रात नवं नाव आलं आहे. चंद्रप्रभाबाई. प्रोफेसरांच्या घरी राहतात. तुम्ही नि त्या मिळून एका घारीचा मोडलेला पंख बांधलात. चंद्रप्रभाबाईंचा हात फार हलका आहे. चंद्रप्रभाबाई इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून पट्टी बांधतात. चंद्रप्रभाबाईंना जनावरांची भीती म्हणून नाही. मामंजींनी हे सगळं निर्विकारपणे वाचलं. मी दाराआड होते, तिथून डाळ निवडायला निघून गेले. त्या डाळीत खडे राहिले आणि मामंजींच्या दातांखाली आले. त्याला मी काय करू?

माझा हात कसा आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. मी तुमच्या पिंजऱ्यातल्या त्या पिंगळ्या घुबडाला रोज उंदीर देते. सासूबाई त्याला अवलक्षणी म्हणतात, मी म्हणते नवऱ्याचा आहे. परवा त्यानं माझं बोट फोडलं. मी इंग्रजी पुस्तक न बघता चिंधी बांधली.

मी मत्सरी आहे, असं वाटत असेल. आहे. हरणावर जळत होते तेव्हा निदान ते डोळ्यांपुढं होतं. आता न दिसणाऱ्या घारीवर जळायची पाळी आली आहे.

सौ. सौदामिनी

ता. क. एक पत्र माझ्या नावानं पाठवायला हरकत नसावी. टपालवाला ओळखीचा आहे.

नांदेड, भाद्रपद शुद्ध १

नमस्कार.

काल पोळा झाला. सगळे शेतावर गेलो होतो. बिजलीला छकड्यातून नेली, माझ्या मांडीवर. आता ती मांडीत मावत नाही, पाय बाहेर लोंबतात.

देवणी बैलांना तांबडा हुरमुंज लावला, शिंगं रंगवली, झुली घातल्या. ग्यानोबा म्हणाला, 'घरच्या जित्राबाला सोडून कसं चालंल?' मग सासूबाईंनी हरणालाही कुंकू लावलं, पाठीवर हुरमुंजाचे पंजे उठवले, आणि गळ्यात पितळी घुंगरू बांधलं. ती सासूबाईंना बिचकली नाही, उलट ओवाळताना ताटातली पुरणपोळी ओढली. सासूबाई हसल्या. माझ्या लग्नानंतर त्या माझ्यासमोर इतक्या मनमोकळ्या पहिल्यांदाच हसल्या. घ्या, सासूही तिनंच जिंकली. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला आहे.

पण घुंगरू मलाही आवडलं. ती मागं मागं येते आहे की नाही ते न वळता कळतं.

तुमचं पत्र माझ्या नावानं आलं. मी ते आधी देवापुढं ठेवलं आणि मग वर जाऊन दार लावून फोडलं. चार पानं. पहिली तीन सरड्याची. सरडा रंग का बदलतो ते मला आता सबंध हिंदुस्थानात कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे. चौथ्या पानावर घारीची प्रकृती. आणि मग लिहिलंत, 'तू लिहितेस ते वाचताना मी तिथं असल्यासारखं वाटतं.'

ती ओळ मी पुष्कळदा वाचली. मग डोक्यात आलं, तुम्हाला जिथं असल्यासारखं वाटतं ते परसू आहे. शेळीचं नि हरणाचं.

चंद्रप्रभाबाईंना दिवाळीत नांदेडला बोलवा ना. पंख बांधायला इथंही पुष्कळ चिमण्या आहेत.

सौ. सौदामिनी

नांदेड, कार्तिक शुद्ध ९

नमस्कार.

गाडी हलली तेव्हा तुम्ही खिडकीतून हात केलात, तो मामंजींना होता की मला, यावर मी घरी येईपर्यंत विचार केला. मग वाटलं, फलाटावरच्या कुत्र्याला असेल.

दिवाळी झाली, तुम्ही गेलात, आता तोंडावर बोलता न आलेलं लिहिते.

तुम्ही आलात त्या सकाळी पिशवी ओसरीवर टाकून थेट परसात गेलात. 'बिजली!' म्हणून हाक दिलीत. तिनं कान टवकारले, तुमच्याकडे बघितलं, आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. तुम्ही गूळ पुढं केलात. तिनं घेतला नाही. मी तोच गूळ तुमच्या हातातून घेऊन दिला, तर तिनं खाल्ला. तुमचं तोंड असं उतरलं की मला तुमची दया यायला हवी होती.

आली नाही. मला आनंद झाला. दिवसभर स्वयंपाक करताना होत होता. करंज्यांत सारणसुद्धा जास्त भरलं.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, 'तू हिला काय घालतेस की ही माझ्याकडे येत नाही?' हसत विचारलंत, पण डोळे हसत नव्हते. मी ते डोळे ओळखले. आरशात मी तसलेच डोळे रोज बघते. घरात एकटी मीच जळते असं नाही, याचं बरं वाटलं.

आणि चंद्रप्रभाबाई! प्रोफेसरांच्या आत्या. साठी उलटलेल्या. तोंडात दात नाहीत. हे मला भाऊबीजेच्या दिवशी, मामंजींनी सहज विचारलं म्हणून कळतं? एवढे महिने मी त्यांना कधी गोरी केली, कधी उंच केली, कधी निळं पातळ नेसवलं. पहिल्याच पत्रात 'आत्या' एवढी दोन अक्षरं लिहायला शाई संपली होती का? सरड्यावर तीन पानं लिहिणाऱ्या माणसानं?

तरी सांगते, त्यांच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही. सवयीचा झाला आहे.

शेवटल्या दिवशी तुम्ही मामंजींशी बोलत होतात ते मी ऐकलं. खोलीत तुम्ही तिघं विद्यार्थी राहता. मामंजी म्हणाले, 'स्वतंत्र जागा झाल्याबिगर सूनबाईला पाठवणार नाही.' तुम्ही म्हणालात, 'बघू.' मी दाराआड उभी होते हे तुम्हाला माहीत होतं. माझे पाय दिसत होते.

सौ. सौदामिनी

शेतावरून, मार्गशीर्ष वद्य ५

नमस्कार.

आम्ही सुगीपुरते शेतावर आलो आहोत, मी नि सासूबाई. बिजलीलाही आणली, आणि पिंगळ्याचा पिंजराही. गावात तिनं दोन वेळा तुळस खाल्ली आणि कुत्री मागं लागतात. इथं ती मोकळी असते. दिवसभर घुंगरू वाजत असतं.

तुमचं पत्र मामंजी स्वतः घेऊन आले आणि झाडाखाली बसून वाचलं. नवाबसाहेबांच्या बागेत जनावरं आहेत. त्यांची देखरेख करायला शिकलेला माणूस हवा आहे, नायब दारोग्याची जागा. प्रोफेसरांनी तुमचं नाव दिलं. बागेतच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळेल. फाल्गुनात ईदच्या दरबारात नवाबसाहेबांना भेट नजर करायची, आणि तिथं रिकाम्या हातानं जाता येत नाही. माणसाळलेली हरणी नजर केली तर जागा आपलीच. हरणी दुसऱ्याच्या हातचं खात नाही. 'तरी सौ.ने हरणीसोबत यावे.'

मामंजींनी ते वाक्य दोनदा वाचलं, मला ऐकू यावं म्हणून. चांगले आहेत ते.

सासूबाई लगेच डोळे पुसत म्हणाल्या, 'जा गं बाई. एकटा पोरगा काय खाऊन राहिला असंल कोण जाणे.' विठाबाई म्हणाली, 'वैनीसाब आता हैदराबादच्या झाल्या!' आणि मी आत जाऊन ट्रंकेवरची धूळ झटकली. हे कबूल करते. मला इतका आनंद झाला की मी पिंगळ्यालाही सांगितलं.

मग जेवणं झाल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं. हरणीसोबत यावे. हरीण गार्डाच्या डब्यात, मी जनाना डब्यात. तिला वैरण लागते तसा तिला वैरण भरवणारा हात लागतो, म्हणून हात मागवला आहे. ती दुसऱ्याच्या हातचं खात असती, तर?

या प्रश्नाचं उत्तर लिहू नका. मला ठाऊक आहे, आणि मी तरीही ट्रंक भरते आहे.

सौ. सौदामिनी

शेतावरून, पौष वद्य १

नमस्कार.

या खेपेचं पत्र माझ्या नावानं आलं. सहा पानं. तुम्ही बाग बघून आलात. तुमचं मन किती हललं आहे ते अक्षरावरून दिसतं. बिबट्या पिंजऱ्यात एकाच जागी फेऱ्या घालतो आणि फरशीवर त्याची वाट झिजली आहे. एका हरणानं जाळीवर कपाळ घासून घासून हाड उघडं केलं आहे. तुम्ही त्याला हळद आणि लोणी लावून आलात, आणि लिहिलंत, 'मी तिथं असलो तर यांचं कुणीतरी बघेल.' खरं आहे. तुम्ही बघाल. तुमच्यासारखं कुणी बघणार नाही, हे मी तुमच्यावर जळत असतानाही म्हणेन.

पण चौथ्या पानावर तुम्ही एक गोष्ट लिहिलीत, आणि लिहून पुढं गेलात. प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं की हरणी पिलाला गवतात दडवून ठेवते, दूर चरायला जाते, आणि दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजून जाते. पिलू एकटं दिसलं म्हणून पोरकं नसतं. लोक अजाणतेपणी उचलून नेतात. पुढं लिहिलंत, 'किती नवलाची रचना आहे!'

नवलाची आहे. अहो, तुम्ही वैशाखात उचलून आणलंत ते काय होतं?

तिला आई होती. संध्याकाळी ती धाटांत परत आली असेल आणि जागा रिकामी बघितली असेल. तुम्ही तेव्हा इथं वात कशी वळावी ते मला शिकवत होता. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तुमची माया खरी होती. पण कळल्यावरही तुम्हाला बिजली आठवली नाही? मला तर दुसरं काहीच आठवेना. मलाही आईपासून असंच उचलून आणलं, फक्त वाजतगाजत.

आता इथली हकीकत. रोज पहाटे हरभऱ्याच्या रानात कळप येतो. ग्यानोबा गोफण घेऊन बसतो. बिजली कुंपणापाशी जाऊन उभी राहते, कान ताठ, आणि वैरणीला तोंड लावत नाही. माझ्या हातूनसुद्धा. परवा मी तिला घेऊन बांधापर्यंत गेले, बघावं म्हणून. ती कळपाकडे धावली. घुंगरू खणखणलं, आणि सगळा कळप एका उडीत ओढ्यापार. ती तिथंच राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूहळू माझ्याकडे परत आली.

घुंगरू आम्ही बांधलं होतं. गाईला बांधतात तसं, शोभेला. हरणाला सावध करायला यापेक्षा चांगलं काय मिळालं असतं?

ग्यानोबा हसून म्हणाला, 'ती आता माणसांतली झाली वैनीसाब. तिला तिचे बी घेत न्हाईत.' मला ते हसू आवडलं नाही.

गाडीची तारीख मामंजींनी काढली आहे. ट्रंक भरून झाली आहे. कपाळाचं हाड उघडं झालेल्या त्या हरणाची जखम कशी आहे?

सौदामिनी

शेतावरून, माघ वद्य ४

नमस्कार.

हरीण नाही.

आधी तेच लिहिते, कारण तेच आधी वाचलं जाईल. मेलेलं नाही. काल पहाटे मी तिच्या गळ्यातलं घुंगरू काढलं. पाठीवरचा हुरमुंज कधीच पुसला होता, तरी ओल्या मातीनं तिला चोळलं, माझ्या हाताचा, शिकेकाईचा, घराचा वास जावा म्हणून. शेळीला फसवायला विठाबाईनं दुसऱ्याचं कातडं चढवलं होतं, मी माझं उतरवलं. ग्यानोबाला राखणीवर येऊ नको म्हणून निरोप धाडला होता. मी बांधाआड बसून राहिले.

कळप आला. बिजली उभी राहिली, आणि या वेळी काही वाजलं नाही. एका हरणीनं मान वर केली. बिजली दोन पावलं गेली, थांबली. हरणी तिच्याजवळ आली आणि तिला हुंगू लागली. आधी शेपटीपाशी, तुम्हाला हवं असेल म्हणून लिहिते. तिनं ढकललं नाही. ती नुसती परत चरायला लागली आणि बिजली तिच्या शेजारी हरभरा खायला लागली. आपला हरभरा. उजाडलं तसे सगळे ओढ्याकडे गेले, त्यांच्यात तीही गेली. मी 'बिजली' म्हणून हाक मारली. मारायला नको होती, पण मारली. तिनं वळून बघितलं नाही.

मला वाटलं होतं मला रडू येईल. आधी संताप आला. माझ्या हातचं नऊ महिने खाल्लं आणि एकदा हुंगल्याबरोबर गेली! त्या अनोळखी हरणीवर मी जितकी जळले तितकी तुमच्या चंद्रप्रभाबाईंवरही जळले नव्हते. रडू नंतर आलं.

आज पहाटे पुन्हा जाऊन बसले. कळप आला होता. त्यातली ती कुठली हे मला ओळखता आलं नाही.

मामंजी काल सकाळी शेतावर आले, तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'सूनबाई, नजर गेली, म्हणजे ती जागा गेली. क्वार्टर गेलं. तुला कळतंय ना, तू काय करून बसलीस?' मी म्हटलं, 'कळतंय.' सासूबाईंनी अन्न सोडलं आहे. विठाबाई म्हणते, 'आपल्या हातानं सौंसारावर दगड मारला.' सगळे बरोबर आहेत. नवाबसाहेबांची ती जागा तुम्हाला किती हवी होती, आणि कपाळ फोडून घेणाऱ्या त्या हरणाला तुम्ही किती हवे होता, हे मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. सहा पानं माझ्या नावानं आली होती. तुम्ही रागावलात तर मी उलट उत्तर लिहिणार नाही.

तुम्ही विचाराल, तिच्यासाठी सोडलीस की मत्सरानं? मी ते रात्रंदिवस स्वतःला विचारते आहे. तिला आई होती, तिला कळप होता, जाळीवर कपाळ घासायला मी तिला नेणार नव्हते, हे खरं. आणि तिच्या शेपटीला धरून तुमच्या घरात शिरायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच हातानं केलं. त्यातलं किती कशाचं ते तुमच्या प्रोफेसरांनाही निवडता यायचं नाही.

एक गोष्ट मी कधी लिहिली नाही. शिवगंगा बिदरला गेली असं लिहिलं, माझे पाय दिसत होते असं लिहिलं, ट्रंक भरली असं लिहिलं. पण सरळ असं कधी लिहिलं नाही, म्हणून आज लिहिते. मला हैदराबादला यायचं आहे. तुमच्याजवळ राहायचं आहे. बाग नसली तरी, क्वार्टर नसलं तरी, पलंगाखाली विंचू असले तरी.

आता पाठवायला माझ्याजवळ हरीण नाही. बोलावलंत तर नुसती मी येईन. चालत असेल तर कळवा.

सौदामिनी